आठ मिनिटांची घंटा

—नको, ती नको, ती लहान पोरांची खुर्ची आहे, गुडघे कानाला लागतील तुमचे — ही घ्या. आठवडाभर चर्चवाले इथं बालवर्ग चालवतात आणि शनिवारी दहा ते बारा मी बसतो, म्हणून हा जिराफ भिंतीवर. डॉरीन, यांना चहा दे गं! दूध बेताचं ना? बरं. आता एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचाही वेळ जायला नको न माझाही — कचऱ्याच्या डब्यांचं गाऱ्हाणं असेल तर ते नगरपालिकेकडं, शेतातल्या तुंबलेल्या चरांचं असेल तर त्याचं वेगळं मंडळ आहे, आणि ब्रेक्झिटचं असेल तर — तर ते कुणाकडंच नाही. खरंच सांगतो. तीन वर्षं झाली, दर शनिवारी कुणीतरी त्याच खुर्चीत बसून टेबलावर हात आपटतं आणि विचारतं, निघायचं ठरलं होतं ना, मग निघत का नाही? त्याच्या मागोमाग दुसरा येतो, तो म्हणतो, निघूच नका. दोघांनाही मी मान डोलावतो. खासदाराला दुसरं काय येतं? मान डोलावता येते. — पत्र आहे? द्या इकडं. चष्मा कुठं ठेवला मी... हं. "सभागृहाच्या इमारतीतील लिफ्ट क्रमांक चार" —

ओ.

म्हणजे तुम्ही ते. लिफ्ट सांभाळणारे मिस्टर पर्किस. — नाही, नाही, चांगलं केलंत आलात ते. लंडनच्या बाजूनं आलात म्हणजे दोन गाड्या बदलाव्या लागल्या असतील, पीटरबरोला तासभर ताटकळला असाल. वाचतो, सगळं वाचतो, थांबा — "देखभालीतील हलगर्जीपणा... बुधवारी दुपारच्या मतदानाच्या वेळी सन्माननीय सदस्य" — तो मी — "सन्माननीय सदस्य लिफ्टमध्ये अडकून पडल्याने... चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये... मंगळवारी अकरा वाजता सुनावणी." हं. वाईट झालं. फार वाईट. पण हे बघा, मिस्टर पर्किस, अशी पत्रं टाइप करणाऱ्यांना जडजड भाषा वापरायची सवय असते, मनावर घ्यायचं नाही. दोन माणसं बसतील, चार प्रश्न विचारतील, म्हणतील जुनी इमारत, जुनं यंत्र, चालायचंच — आणि तुम्ही बुधवारी परत कामावर. किती वर्षं झाली तुम्हाला तिथं? एकोणीस! मग काय. एकोणीस वर्षांच्या माणसाला कोण हात लावतंय? — काय? ठेकेदार बदललाय. अच्छा. नवीन ठेकेदार. तो लावेल म्हणता.

हे काय आणखी? नुसते आकडे दिसतायत. — हां, लिफ्टच्या डोक्यावरच्या पेटीतून निघतो हा कागद? प्रत्येक फेरीची वेळ आपोआप छापली जाते? — मला ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षं मी त्या लिफ्टनं वरखाली करतोय आणि ती माझी वेळ लिहून ठेवते हे मला कुणी — बरं. बुधवार. मतदानाची घंटा वाजली चार बत्तीसला. आठ मिनिटं वाजते, मग दारं बंद. म्हणजे चार चाळीस. आणि इथं — चार तेहतीस, चार चौतीस, पुन्हा चौतीस, छत्तीस, सदतीस... सात फेऱ्या. कुठं थांबली नाही. — मिस्टर पर्किस, हे कुणाला दाखवलंत? कुणी विचारलंच नाही? वर्तमानपत्रवाल्यांना? नाही ना? नाही. मला आधी दाखवायचं म्हणून आलात. का पण? — "तुम्ही रोज गुड मॉर्निंग म्हणता म्हणून." हे असं काही बोलायचं नाही हो माणसानं. हे ऐकून माणूस काय करणार?

बसा. उठू नका. एक मिनिट, ते दार लोटून घेतो — डॉरीन, पाच मिनिटं कुणाला पाठवू नकोस — दहा म्हण.

तुम्हाला वाटत असेल हा माणूस पेशानं खोटारडा आहे. खासदार म्हटलं की वाटतंच. पण मी ठरवून नाही बोललो, पर्किस. कसं सांगू — तुम्हाला आधीपासून सांगायला हवं. ह्यू आणि मी एकाच निवडणुकीत निवडून आलो. तो आज पंतप्रधान आहे, पण तेव्हा आम्हाला दोघांना मिळून एक खोली दिली होती, खिडकी नसलेली, एक टेबल. तो डाव्या बाजूला, मी उजव्या. तो आधी शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे काही समजावून सांगायचं असलं की हातानं हवेत नकाशा काढतो — टीव्हीवर बघितला असेल, अजून काढतो. चांगला माणूस आहे. लोक म्हणतात कावेबाज. कावेबाज असता तर एवढा अडकला असता का? सगळ्यांना सांगून बसला की महिनाअखेर युरोपातून बाहेर पडणार, करार होवो न होवो, आणि मुदतवाढ मागायचं पत्र माझ्या हातून कधी जाणार नाही. असं कधी बोलायचं नसतं. मग वाटलं सभागृह मध्ये तंगडं घालणार, म्हणून सभागृहच महिनाभर बंद ठेवलं. त्या बैठकीला मी होतो. हात वर करा म्हणाले, मीही केला. मला वाटलं, शरद ऋतूत तसंही कोण काय काम करतं — सगळे आपापल्या पक्षाच्या अधिवेशनाला समुद्रकाठी जातात न वाईट वाइन पितात. एवढाच विचार केला मी. लोकशाही बिकशाही डोक्यातच आली नाही. ती न्यायाधीशांच्या डोक्यात आली.

निकाल आला तेव्हा आम्ही एका प्राथमिक शाळेत होतो. ह्यू पोरांबरोबर जेवायला बसला होता, माशाचे तुकडे न मटार, वर कस्टर्ड. त्याच्या सचिवानं कानात सांगितलं — बेकायदा. सगळेच्या सगळे न्यायाधीश, एकही आपल्या बाजूनं नाही. सभागृह बंद केलंच नव्हतं असं समजायचं, उद्या उघडा. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं कस्टर्ड संपवलं. अख्खं. मग शेजारच्या मुलीला विचारलं, तुझं नाव काय म्हणालीस? ती म्हणाली, तीनदा सांगितलं. — मला तिथंच भडभडून आलं, पर्किस. गाडीत बसल्यावर म्हणाला, आता काय करायचं रे? पंतप्रधानानं असं कुणाला विचारायचं नसतं. मी पक्षाचा उपप्रतोद — माझं काम काय, मतदानाच्या वेळी आपली मेंढरं मोजून आत घालायची — मला काय ठाऊक काय करायचं? मी म्हटलं, बघू. त्या दिवसापासून जो तो बघूच म्हणतोय. एकवीस जण उघड फुटले. मंत्री राजीनामे देतात ते पत्र आधी वर्तमानपत्रात येतं, मग त्याच्या टेबलावर. दहा जण समोर गोड बोलतात न बाहेर जाऊन पुढचा पंतप्रधान कोण याची बोलणी करतात. आणि ह्यू पंतप्रधानाच्या त्या सरकारी घरात खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर फिरतो आणि भेटेल त्याला हवेत नकाशा काढून दाखवतो.

बुधवारचं विधेयक त्यातूनच आलं. सभागृह उघडल्यावर विरोधकांनी पहिलं तेच आणलं — करार नसेल तर पंतप्रधानानं युरोपला मुदतवाढीचं पत्र लिहायचंच, कायद्यानं. सगळे म्हणत होते एकदोन मतांवर येणार. बरोबरी झाली असती तरी चाललं असतं, कारण बरोबरीत सभापती रिवाजानं जुनं आहे तेच ठेवायच्या बाजूनं मत टाकतात. म्हणजे एक माणूस. एक कमी पडला तर मेलं. — तुम्ही तिथलेच, तुम्हाला काय सांगायचं. घंटा वाजते, सगळे धावतात, होवाले एका दालनातून न नकोवाले दुसऱ्या दालनातून, डोकी मोजतात.

पण जोडीचं तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल. ते वर चालतं, आमच्याआमच्यात. समजा त्यांच्यातलं कुणी आजारी आहे, कुणाला बाळ झालंय, कुणाच्या घरी मयत आहे. मग आमच्यातला एक जण त्या माणसाशी जोडी लावतो — तू येऊ नकोस, मीही मत टाकत नाही, फिट्टंफाट. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. नुसता शब्द. शंभराहून जास्त वर्षं चाललंय असंच. एकमेकांना सभागृहात नाही नाही ते बोलतो आम्ही, पण जोडी मोडत नाही. माझी जोडी होती ग्वेन प्रॉसरशी. वेल्सच्या खोऱ्यातली, कट्टर विरोधक, मला तोंडावर म्हातारं बोकड म्हणते — माझं तिच्याशी चांगलं जमतं. तिचा नवरा स्वान्झीच्या इस्पितळात होता, आता काही खरं नाही असं डॉक्टर म्हणत होते. बुधवारी सकाळी तिचा फोन आला, प्लॅटफॉर्मवरूनच. म्हणाली, तू आहेस ना? मग मी गाडीत चढते. मी म्हटलं, चढ. एवढंच. चढ.

आणि दुपारी बाराला मुख्य प्रतोदानं आम्हाला बोलावलं. दार लावलं. म्हणाला, आज जोड्या रद्द. कुणाला कळवायचं नाही. सगळ्यांनी मत टाकायचं. — तुम्ही तोंड वाकडं करू नका, मीही केलं नाही! मी "बरं" म्हटलं. आणि नुसतं म्हटलं नाही, बाहेर येऊन आमच्या दोन नव्या खासदारांना मीच सांगितलं, जोडी विसरा, आत जा. एकीचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, राजकारण आहे बाई. ती गेली आत. तिनं जोडी मोडली, दुसऱ्यानंही मोडली. माझ्या सांगण्यावरून. हे कुणाला सांगितलेलं नाही मी अजून. तुम्हाला का सांगतोय देव जाणे. — चहा गार झाला तुमचा.

घंटा वाजली तेव्हा मी खालच्या कोटखोलीत होतो. तुम्ही ती बघितली असेल, तिथं प्रत्येकाच्या नावाची खुंटी आहे आणि प्रत्येक खुंटीला एक गुलाबी फीत, तलवार अडकवायला. तलवार! आमच्यातले निम्मे तिथं छत्री अडकवतात. मी कोट ठेवायला गेलो होतो. घंटा वाजायला लागली, माणसं पळायला लागली, आणि माझे पाय हलेनात. ती फीत हातात धरून उभा राहिलो. समोर कुणाचातरी ओला कोट होता. मनात म्हटलं, जातो, आता जातो. पाच मिनिटं झाली. वर जायला दीड मिनिट लागतं, तुमच्या लिफ्टनं एक. म्हटलं, ग्वेन आता नवऱ्याजवळ बसली असेल. मग म्हटलं, ह्यू. मग पुन्हा ग्वेन. आणि खरं सांगू का — लोकांना नंतर सांगायला छान वाटतं, शब्द पाळला, सज्जन माणूस — पण मला अजूनही ठाऊक नाही मी शब्द पाळत होतो की घाबरलो होतो. मी काही ठरवलंच नाही. मी नुसता तिथं उभा राहिलो आणि घंटा थांबली. थांबल्यावर इतकं शांत होतं तिथं. बरं वाटलं मला. लाज वाटायच्या आधी क्षणभर बरं वाटलं.

एका मतानं पडलो. वर गेलो तर मुख्य प्रतोद जिन्यातच, तोंड लालभडक — कुठं मेला होतास? आणि माझ्या तोंडातून निघालं — लिफ्टमध्ये. लिफ्ट अडकली. झालं. मी तेव्हा लिफ्टचा विचारही केला नव्हता! तुमचा तर नाहीच नाही. मला काय ठाऊक तिच्यामागं कुणी माणूस आहे. म्हणजे — आहे हे ठाऊक होतं, गुड मॉर्निंग म्हणतोच की मी — पण त्या वेळी नव्हतं ठाऊक. तासाभरात सगळीकडं तेच. "लिफ्टनं सरकार अडकवलं." व्यंगचित्रं आली, मी लिफ्टच्या जाळीतून हात बाहेर काढतोय, बाहेर युरोप हसतंय. सगळ्यांना सोयीचंच होतं ते. आपला माणूस फुटला म्हटलं की पंतप्रधान हरतो, लिफ्ट अडकली म्हटलं की नुसता दुर्दैवी ठरतो. दुर्दैवी पंतप्रधान चालतो लोकांना थोडे दिवस.

गुरुवारी सकाळी मी टोस्टला मुरंबा लावत होतो, ह्यूचा फोन. म्हणाला, त्या लिफ्टला माझ्या वतीनं एक लाथ घाल. मी हसलो. तो हसला. मग म्हणाला, बाकीचे एकवीस गेले त्याचं मला काही वाटत नाही रे. पण तू येत होतास ना? एवढंच सांग.

मी "हो" म्हटलं.

आता सांगा, काय म्हणायला हवं होतं? तुम्ही काय म्हटलं असतं? — बोला की. — नाही, खरंय, तुमच्यावर ही वेळच आली नसती, तुम्ही जोडी लावली असती तर पाळली असती न तोंडावर सांगितलं असतं. ते तसं सोपं असतं तर... सोमवारी विश्वासमत आहे. माणसं हातातून सुटत चाललीत त्याच्या. आज जर बाहेर आलं की त्याचा स्वतःचा प्रतोद, खोलीतला दोस्त, मतदानाच्या वेळी कोटांमध्ये लपला होता — तर जे काठावर बसलेत ते सोमवारची वाट बघणार नाहीत, आजच उड्या मारतील. ह्यू संपला. आणि बघा ना, एवढं करून ग्वेनला दिलेला शब्द पाळला हे तिला कळलंय असंही नाही! तिचा नवरा गुरुवारी पहाटे गेला. ती वेळेवर पोचली होती, हात हातात होता म्हणे. मी तिला चिठ्ठी पाठवली, फार वाईट वाटलं वगैरे. उत्तर आलं — दोनच शब्द. "लिफ्टचे आभार." कळलं का? तिला वाटतंय मी जोडी मोडायलाच निघालो होतो न लिफ्टनं अडवलं. आयुष्यात एकदा, नकळत का होईना, एक बरी गोष्ट घडली माझ्या हातून, आणि ती तुमच्या लिफ्टच्या नावावर गेली. तिला खरं सांगावं तर ह्यू मरतो. ह्यूला सांभाळून घ्यावं तर ग्वेनच्या लेखी मी बेइमान. आणि मध्ये तुम्ही. तुम्ही कुठून आलात मध्ये?

नाही, तसं नाही, चुकलं. मध्ये तुम्ही नाही आलात. मी आणलं. — काय लिहून हवंय? "लिफ्ट चालू होती." एवढंच? एक ओळ. मी कुठं होतो ते नाही लिहिलं तरी चालेल. दिलदार आहात तुम्ही. पण मिस्टर पर्किस, लिफ्ट चालू होती म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणता येतो? मग कुठं होतात! ती एक ओळ म्हणजेच सगळं आहे हो. — सुनावणी पुढं ढकलता येत नाही का? आठवडाभर? सोमवार जाऊ द्या, ह्यू तरला तर... नाही म्हणतात. आणि खरं म्हणाल तर तरला तरी मी लिहीन असं मला वाटत नाही. आज नाही लिहिलं तर उद्या कसलं लिहितोय. मंगळवारी म्हणेन गुरुवार येऊ द्या. मी ओळखतो ना मला.

द्या पेन. द्या, द्या. कागद आहे. डॉरीनचा फॉर्मच घेतो, येणाऱ्या प्रत्येकाचा भरायचा असतो, याच्या मागं लिहितो. तारीख. नाव — पर्किस, वॉल्टर? वॉल्टर. पत्ता? — पत्ता लागतो हो, मतदारसंघ लिहायचा असतो. हॅदर्ली रोड, ब्रॅम्पस्टेड.

ब्रॅम्पस्टेड?

म्हणजे ह्यूच्या. तुम्ही ह्यूचे मतदार. तुमचा खासदार ह्यू आहे. — हं.

तसं असेल तर, मिस्टर पर्किस... तुम्हाला कल्पना नसेल, पण आमच्यात एक रिवाज आहे. दुसऱ्याच्या मतदाराचं काम आम्ही घेत नाही. कधीच नाही, कितीही वाटलं तरी. त्याच्या अंगणात पाय ठेवल्यासारखं होतं. तुमच्या खासदाराकडं जायचं. तिकडं येतो की तो, पंतप्रधान असला म्हणून काय झालं, महिन्यातून एकदा शुक्रवारी वाचनालयात बसतो, लोकांचं ऐकतो — आणि त्याच्यासारखं ऐकून घेणारा... पुढचा शुक्रवार? मंगळवारनंतर येतो तो, खरंय. पण त्याच्या कार्यालयाला पत्र टाका, ताबडतोब बघतील. फक्त एक करा. इकडं आला होतात असं त्यात लिहू नका. आणि हे सगळं जे मी — तेही नको. माझ्यासाठी नाही हो, त्याच्यासाठी. तो विचारेल तुम्हाला, लिफ्ट खरंच अडकली होती का, तर तुम्ही — तुमचं तुम्ही बघा काय सांगायचं ते. मला त्यात पडता येत नाही. मला खरंच पडता येत नाही.

असे बघू नका. मी लिहायला घेतलं होतं, तुम्ही पाहिलंत. नाव लिहिलंय तुमचं. — तो आकड्यांचा कागद ठेवून जाता का? नको? बरं, राहू द्या, तुमचाच आहे. जपून ठेवा. किंवा — नाही, जपून ठेवा.

निघालात? चहा तसाच राहिला. मिस्टर पर्किस? अहो, हात तरी मिळवा.

...बरोबर आहे. दार लावू नका, उघडंच राहू द्या. पुढचे येतील.